ऐंशी टक्के परत

आरमोरीपल्याडच्या आमच्या गावातून तेंदूपत्ता तोडायला बारा बाया जातात. वाकून पान खुडणारी बाई वाघाला चार पायांचं जनावर वाटते. मागच्या मोसमात त्याचा असा गैरसमज एकदा झाला, आणि गिरजाबाईची जाऊ गेली.

म्हणून यंदा गावातल्याच सरितानं या बायांसाठी तीन दिवसांचा बचावाचा कोर्स आखला. तो मंजूर झाला तरच सोबतीला दोन वनरक्षक आणि शिट्ट्या मिळणार होत्या. तोडणी सोमवारी. आज शुक्रवार.

अर्जाची नवी रीत अशी, की शेवट आधी लिहायचा. कोर्स संपल्यावर काय साधेल, ते तपासाल कसं, आणि मग शिकवाल काय. रीत चांगलीच आहे. सरितानं लिहिलं, ‘बाराही जणी दुपारी घरी येतील. तपासणी : नाल्यावर मोजणी.’ तिथून मागं मागं येत तिनं कोर्स बसवला. मोजायचं तर हाकेला उत्तर हवं, उत्तराला प्रत्येकीची वेगळी शिट्टी हवी, आणि जोडी सुटता कामा नये.

अर्ज चौथ्यांदा परत आला. तिनं वनखात्याच्या कार्यालयातल्या कुलदीपभाऊंना फोन लावला. गिरजाबाई शेजारीच बसली होती.

“भाऊ, आता काय चुकलं?”

“सगळं झकास आहे, बाई. फक्त शंभर टक्के चालत नाई. मशीन घेतच नाई. ऐंशी टाका. अन् नापास होणाऱ्यांचा पुन्हा वर्ग कधी, तो रकाना रिकामा आहे.”

गिरजाबाईनं बोटांवर हिशेब केला. “बारातल्या साडेनऊ झाल्या. बाकीच्या अडीच कोण, भाऊ?”

“बाई, ते फक्त कागदावर असते.”

“मंग कागदावर माह्यं नाव लिवा. दिव्यानीचं नोका लिवू. तिचं लेकरू आंगावर पिते.”

“नावाचा रकाना नाई, बाई,” कुलदीपभाऊ हळहळले.

सरितानं ऐंशी लिहिलं. पुन्हा वर्ग : मंगळवार. दहा मिनिटांत मंजुरी आली.

शनिवार-रविवारी जेवढं शिकवता आलं तेवढं तिनं शिकवलं. सोमवारी दुपारी ती नाल्यावर मोजत उभी राहिली. वनरक्षकांसोबत दहा जणी आल्या, तेव्हा कोर्स उत्तीर्ण झाला. एकानं सहीसाठी कागद पुढं केला.

गिरजाबाई आणि दिव्यानी, ही जोडी अजून आत होती.

सरितानं शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. छातीत होती नव्हती तेवढी हवा फुंकली.

रानातून उत्तर आलं. दोन हवी होती. एकच आलं.