फुटेपर्यंत दाब

जाड भिंत, जाड भिंत! दादाने नुसता घोशा लावला होता. आमच्या कारखान्यात भाजलेल्या मातीच्या पांढऱ्या नळ्या होतात. मिश्र वायू आत सोडला की हायड्रोजन तेवढा भिंतीतल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो, बाकीचा आतच राहतो. गिऱ्हाइकाकडे त्या तडकल्या, म्हणून दादाला भिंत दुप्पट हवी. अरे, मग हायड्रोजन बाहेर येणार कसा? नळ्या सोड, लाटणीच विक, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

तडकण्याचं कारण मला ठाऊक होतं. छिद्रं पडावीत म्हणून आम्ही मातीत स्टार्च मिसळतो, तो भट्टीत जळून जातो. जाडा कण जळला की मोठं भोक राहतं आणि तडा तिथूनच निघतो. मी भिंत होती तेवढीच ठेवली आणि स्टार्च बारीक चाळणीने चाळायला घेतला. वहिनी मदतीला बसली. शिंकून शिंकून बेजार झाली, नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत राहिली, पण उठली नाही.

दादाने निक्षून सांगितलं होतं की या खेपेला नळ्या नापास झाल्या तर भट्टी विझवायची आणि शेड गोदामाला भाड्याने द्यायची. ती भट्टी मी वीट न् वीट स्वतः रचलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गिऱ्हाइकाचे इंजिनिअर आले तेव्हा दादाने तीन देखण्या नळ्या निवडून टेबलावर मांडल्या होत्या. मी त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि मांडणीवरची हवी ती घ्या म्हटलं. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. इंजिनिअरांनी कोपऱ्यातली एक काढली, तापवली, थंड केली, पुन्हा तापवली. शेवटी निवल्यावर ती लोखंडी पत्र्याच्या आडोशामागे बसवून आत रबरी पिशवी सरकवली आणि हातपंपाने पिशवीत पाणी दाबायला लागले. पंपावरचा दाबाचा काटा ठरलेल्या खुणेवर आला. नळी टिकली. दादाने लगेच हात मिळवायला हात पुढे केला.

पंपाचा दांडा मी धरला.

"थांबायचं नाही. फुटेपर्यंत दाबायचं."

"अगं, पास झालीय ना?" दादा दात-ओठ खात कुजबुजला. "कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"त्यांच्याकडे फुटण्यापेक्षा इथे माझ्यासमोर फुटू दे. कितीला फुटते ते माहीत नसताना मी नळी विकणार नाही."

मी दांडा मारत राहिले. काटा खुणेच्या दुपटीला गेला, त्याच्याही वर सरकला, आणि मग धाडकन आवाज झाला. दादाने कपाळाला हात लावला. इंजिनिअर मात्र काट्यापाशी वाकले. त्यांनी आकडा दोनदा वाचला, तुकडे गोळा करून रुमालात बांधले आणि अख्खी मांडणी पाठवून द्या म्हणाले.

ते गेल्यावर दादा माझ्यावर उखडला.

"आणि खूण ओलांडता ओलांडताच फुटली असती तर?"

"तर भट्टी मी माझ्या हाताने विझवली असती," मी म्हटलं. "तुला हात लावू दिला नसता."