शून्य ताणाचे दोन अँगल

सख्ख्या धाकट्या भावाला मी काल चार माणसांत गाढव म्हणाले. नुसतं गाढव नाही, अक्कल गहाण टाकलेलं गाढव. आणि म्हणताना मला बरंही वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अडखळणार आहे.

धाकट्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, त्याच्या बरोबरीने वेल्डिंग करते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. छपराच्या ट्रसचं, म्हणजे लोखंडी कैचीचं, गणित मी करायचं, तिच्यातल्या कुठल्या लोखंडी अँगलवर किती ताण नि किती दाब ते कागदावर लिहून द्यायचं आणि या दोघांनी लोखंड कापून जोडायचं, असं आमचं घरचंच जमलेलं. एका गॅरेजवाल्याची शेड दोन वर्षांपूर्वी अशीच उभी राहिली.

काल सकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, ट्रसला चेनकप्पी टांगायची म्हणतोय. आठशे किलोचं इंजिन उचलायचंय. भिंती धरतील ना? तेवढं येऊन बघा. तुमच्या भावालाही बोलावलंय."

टांगायची म्हणतोय कसलं! मी पोचले तर हा बाबा टांगून मोकळा झाला होता. इंजिन कमरेएवढं वर लटकत होतं आणि एक मेकॅनिक त्याच्याखाली पाठीवर झोपून बोल्ट खोलत होता. धाकटा आणि भावजय माझ्या पाठोपाठच आत आले.

मी आधी भिंतींचं बघितलं. ते सोपं होतं. कप्पी एका भिंतीपासून पाव अंतरावर, दुसरीपासून पाऊण. म्हणजे जवळच्या भिंतीवर सहाशे किलो आणि लांबच्या भिंतीवर दोनशे. खडू घेऊन मी तिथेच लिहून दाखवलं. "धरतील," म्हटलं. गॅरेजवाल्याने सगळ्यांकडे असं बघितलं की भिंती जणू त्यानेच बांधल्या होत्या.

मग सवयीने नजर वर गेली. भार भिंतीपर्यंत कुठल्या वाटेने जातो, हे मी एकेक जॉइंट धरून बघते. कप्पी खालच्या आडव्या अँगलच्या जॉइंटला होती, तेही बरोबरच. पण आडवं लोखंड वजन वर ओढू शकत नाही. तिथून आठशेच्या आठशे किलो उभ्या अँगलने उचलायचे आणि वर उताराच्या अँगलला द्यायचे.

उभा अँगल नव्हताच.

खाली प्लेट होती, वर प्लेट होती, मधे हवा. दुसऱ्या बाजूलाही तेच. खालचा अँगल कप्पीपाशी चांगला दोन बोटं वाकलेला मला आत्ता दिसला.

"बाहेर ये!" मी किंचाळले.

"एकच बोल्ट राहिलाय, मॅडम," मेकॅनिक खालून म्हणाला.

मी त्याच्या दोन्ही तंगड्या धरून त्याला फरशीवरून ओढलं. वर लोखंड करकरलं. धाकट्याने धावत जाऊन साखळी धरली आणि हातावर हात टाकत इंजिन खाली घेतलं. ते जमिनीला टेकलं.

मग माझा तोल सुटला. दोन अँगल खाल्लेस? माणूस मेला असता! गाढव वगैरे सगळं तेव्हाच झालं. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं." गॅरेजवाला म्हणाला, "तुझ्या हातचं काम आता कोण घेतो ते बघतोच," आणि खिशातून फोन काढून बाजूला गेला.

"ताई, पुरे झालं," भावजय म्हणाली.

तिने माझ्यासमोर कधी आवाज चढवलेला नाही. आताही चढवला नव्हता.

"ही शेड जोडत होतो त्या दिवशी यांच्या हातात ग्लोव्हज होते, म्हणून फोन मी धरला होता, स्पीकरवर. प्लेटा लावून झाल्या होत्या. यांनी विचारलं, ताई, या दोन उभ्यांसमोर तू शून्य लिहिलंयस, लावायचे ना? तुम्ही म्हणालात, शून्य म्हणजे शून्य रे, उगाच वजन कशाला वाढवतोस, काढून टाक."

शून्य म्हणजे शून्य रे. दिवसातून चार वेळा म्हणते मी हे. फोन आठवेना, पण वाक्य माझंच. छपराचा भार वरून येतो तोवर त्या दोघांवर खरंच काही येत नाही, गणित चोख होतं. उद्या कोणी खाली काही टांगेल म्हणून ते ठेवायचे असतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात. मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी काढ म्हणाले.

"बोलला का नाहीस?" मी धाकट्याला विचारलं.

"ड्रॉइंगवर सही तुझी असते, ताई," धाकटा हळूच म्हणाला. "मी काय, लोखंड कापणारा. चार दिवस शिव्या खाईन, मग कोणीतरी गेट करायला बोलावेलच. तुला परत ट्रस कोण देईल?"

लाज वाटली, इतकी की त्याच्याकडे बघवेना.

गॅरेजवाला फोनवर कोणाला तरी धाकट्याचं नाव सांगत होता.

"फोन ठेवा," मी म्हटलं. "चूक माझी आहे. त्याने विचारलं होतं. अँगल काढायला मीच सांगितलं."

त्याने फोन कानावरून खाली घेतला. सगळी कामं थांबली. मेकॅनिक एव्हाना उठून, कपडे झटकत माझ्याकडेच येत होता. तो मधेच थांबला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "मी तर तुमचे आभार मानायला येत होतो."