एक जूनचा कप्तान

मालवणात हॉकीचं एक मंडळ आहे, हे निम्म्या मालवणाला माहीत नाही. उरलेल्या निम्म्याला ते गुरुदासमुळे माहीत आहे. मंडळाच्या ज्युनियर संघाचा पहिला कप्तान आपण होतो, हे पन्नास वर्षांत त्याने ज्याला ऐकवलं नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. हॉलमधल्या कप्तानांच्या फळ्यावरही पहिलं नाव त्याचंच. यंदा मंडळाची पन्नाशी, मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी गुरुदासचा सत्कार, आणि स्मरणिकेतला कप्तानांचा लेख त्याच्या मुलीकडे, सारिकाकडे. ती हायस्कुलात मराठी शिकवते. काम तिने हौसेने मागून घेतलं होतं.

मंडळाच्या जुन्या ट्रंकेत तिला पहिल्या वर्षाची खेळाडूंची यादी मिळाली. रत्नागिरीच्या स्पर्धेसाठी पाठवलेली आणि संयोजकांनी परत धाडलेली. कप्तान म्हणून नाव होतं धोंडूचं. त्यावर लाल शाईची काट आणि शेजारी शेरा, 'वय जास्त'. सोबतच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. ती पाहून सारिकाला हसू आलं. त्या काळी पोराला लवकर शाळेत बसवायचं म्हणून मास्तर बिनदिक्कत एक जून लिहीत आणि वर्षही मागे ढकलत. खरी तारीख आईला ठाऊक, तीसुद्धा सणावारावरून. अर्धी पिढी एकाच दिवशी जन्मली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. ज्युनियर संघाला मात्र कागदावरचं वय लागतं.

यादीला टाचणीने एक पत्र लावलेलं होतं. 'सदर खेळाडूचा दाखला तपासावा. एक हितचिंतक.' सारिकाचं हसू तिथेच जिरलं. ते डावीकडे झुकलेलं, शेपट्या लांब ओढलेलं अक्षर तिने लहानपणी पाटीवर गिरवलं होतं. तिचं स्वतःचं अक्षर आजही तसंच आहे. बाबांनीच हात धरून वळवलेलं.

दुसऱ्या दिवशी ती धामापूरला धोंडूकडे गेली, पत्र पर्समध्ये घालून. धोंडूकाका तिला परका नव्हता. दर मे महिन्यात त्याच्या बागेतली आंब्यांची पहिली पाटी त्यांच्याच घरी येई. ती का येते, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"काका, पयले कप्तान तुमी होतास?"

"दोन म्हयने होतंय गो," धोंडू पेंढ्यात आंबे रचत म्हणाला. "मगे कोणीतरी वयाची कागाळी केल्यान, असा तुझ्या बापसानच माका सांगल्यान. पण तुझो बापूस माझ्यासाठी भांडलो. धोंडू माझ्याच वयाचो आसा, तेका काढू नका, म्हणान रत्नागिरीक पत्र लिवल्यान. माझ्यासमोर टपालाच्या पेटयेत टाकल्यान. उपेग झालो नाय, ता जावंदे. कोण कोणासाठी लिवता?"

"मगे तुमी खेळलास नाय?"

"नाय. परत स्टिक हातात धरूक नाय. पण गुरुदासाची दोस्ती सुटूक नाय."

धोंडूसमोर पेटीत पडलेलं पत्र तेच, आपल्या पर्समधलं, आणि ते पडेपर्यंत कागाळी नव्हतीच, हे सारिकाच्या लक्षात आलं आणि तिला बसवेना. पाटी उचलून ती निघाली.

घरी गुरुदास आरशासमोर भाषण घोकत होता. तिने पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"सतरा वर्सांचो होतंय," तो शेवटी म्हणाला. "माका कप्तान होवचा होता."

"आणि तेचे आंबे खाल्लास पन्नास वर्सां."

"तेचा नाव पयला घाल. माझा खाली घाल, नायतर काढून टाक. पण ह्या पत्र तेका दाखवू नको गो."

सारिकाला त्याचा मनस्वी राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं तिला खोडता येईना. धोंडूचं कप्तानपद गेलं ते गेलं. आता त्याच्यासाठी भांडलेला एकुलता एक माणूसही काढून घ्यायचा? रात्रभर तळमळून तिने लेख पुरा केला. पहिला कप्तान धोंडू, दुसरा गुरुदास. पत्राबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी हॉल भरला होता. गळ्यात हार पडताच गुरुदासने माइक हातात घेतला.

"हा मान माझा नाही. आपला पहिला कप्तान धोंडू आहे. पन्नास वर्षं ही गोष्ट माझ्या मनाला खात होती."

त्याने स्वतःचा हार काढून धोंडूच्या गळ्यात घातला. लोक उभे राहिले. धोंडूला रडू आवरेना. "ह्येनाच तेव्हा माझ्यासाठी पत्र लिवलेल्यान," तो माइकवर म्हणाला, आणि टाळ्या आणखी वाढल्या. गुरुदासने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"असो बापूस मिळाक नशीब लागता," शेजारची बाई सारिकाला म्हणाली.

सारिका टाळ्या वाजवत होती. हात दुखायला लागले तरी तिला थांबता येईना, कारण व्यासपीठावरून धोंडू डोळे पुसत तिच्याकडेच बघत होता.