सोडून जाऊ नका

बागेच्या फाटकावर आईने लावून घेतलेली पाटी आहे: ‘झाडे सोडून जाऊ नका.’ घर बदलणारी, परगावी निघालेली किंवा नुसतीच कंटाळलेली माणसं आपल्या मरतुकड्या कुंड्या फाटकाशी ठेवून पसार व्हायची. आई या सार्वजनिक वनस्पती उद्यानाची अधीक्षक होती. बाहेरच्या कुंडीबरोबर कीड आत आली तर तिचा जपलेला संग्रह धोक्यात येणार, म्हणून ही पाटी. पेंटरकाकांना जागा पुरली नाही. त्यांनी ‘झाडे’ हा शब्द वर बारीक अक्षरांत कोंबला, आणि उन्हाने नेमका तोच उडाला. आता नुसतं ‘सोडून जाऊ नका’ उरलं आहे. जोडपी त्याखाली फोटो काढतात.

आई गेली आणि तिची खुर्ची तात्पुरती माझ्याकडे आली. मी आधीपासून तिच्याच हाताखाली काम करत होते. फाटकातून शिरताना ती पाटी वाचायची नाही असं रोज ठरवायचे. पण एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं आपल्या हातात राहत नाही.

उद्यान समितीच्या सभापतीबाई आल्या त्या थेट काचघरात. तडकलेल्या काचा बघितल्या, नेचे बघितले, बाकावर घोरणारे आजोबा बघितले.

“हे कोण?”

“नेहमी येतात.”

“झोपायला?”

मी बाकाखाली पडलेली आजोबांची काठी उचलून ठेवली.

“हे काचघर पाडून इथे संगीत कारंजं करावं असं समितीत चाललंय,” त्या म्हणाल्या. वाईट नव्हत्या, स्पष्ट होत्या. “महिनाअखेरीला बैठक आहे. तोवर मला इथे माणसं दाखवा. मग काचघरासाठी मी भांडते.”

दुसऱ्या दिवशी मुकादम दोन्ही हातांत कुंड्या घेऊन आला. “ताई, आज पुन्हा बेवारस. टाकतो खतात.”

त्याच्या मागून एक बाई घाईघाईने येत होती. “त्यातली एक माझी आहे हो. ठेवून गेले, पण बसथांब्यावरून परत आले. मरेल का ते?”

मी कुंडी उलटी करून दाखवली. मुळं खालच्या भोकातून बाहेर लोंबत होती. “मरत नाहीये. घर लहान पडतंय त्याला.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “उद्याही असता का तुम्ही? माझ्या जावेचं एक आहे.”

“झालं!” मुकादम म्हणाला. “आता दवाखानाच उघडा.”

तो थट्टेत म्हणाला होता. मी खरंच उघडला, दर रविवारी. आईचा नियम मोडायचा नव्हता, म्हणून कुंड्या काचघराच्या ओसरीवरच तपासायच्या आणि नंबर येईपर्यंत माणसांनी आत बसायचं. रोगी बाहेर, नातेवाईक आत. बसल्या बसल्या करणार काय? माणसं झाडं बघायला लागली. नावं वाचायला लागली. पुढच्या रविवारी कुंडी नसलेलीही आली.

बैठकीच्या आधीच्या रविवारी रांगेत बाबा दिसले. त्यांच्या हातात आईचा बिगोनिया होता, रुपेरी पट्ट्याच्या पानांचा. माना टाकलेला.

“बाबा, रांगेत कशाला? घरी सांगायचं ना.”

“घरी तू बोलतेस कुठे?”

मी सकाळपासून सगळ्यांना विचारत होते तेच विचारलं. “पाणी कोण घालतं?”

“मी. सकाळी. ती घालायची त्या वेळेला.”

“मी संध्याकाळी घालते,” मी म्हटलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“आणि दुपारी,” बाबा चाचरत म्हणाले, “शेजारच्या काकू येतात. त्या म्हणाल्या, बिचारं तहानलेलं दिसतं.”

“म्हणजे तिघांनी मिळून बुडवलंत,” मुकादम म्हणाला. “मॅडम असत्या तर तुम्हालाच फाटकाबाहेर ठेवलं असतं.”

बाबा हसले. ओठ मिटून, खांदे हलवत. तसं हसणं आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच बघत होते.

मुळं कुजली होती. झाड वाचणार नव्हतं, तसं मी सांगितलं. पण एक पान धड होतं. ते काढून पाठीमागच्या शिरांना ब्लेडने चिरा दिल्या, ओल्या वाळूवर पसरलं आणि ट्रे काचेने झाकून ओसरीवरच ठेवला. अधीक्षकांच्या घरचं असलं म्हणून काय झालं!

“यातून येईल?” बाबांनी विचारलं.

“चिरांमधून रोपं फुटतात. पण पाणी एकानेच घालायचं. तुम्ही. इथे येऊन.”

तेवढ्यात सभापतीबाई आल्या. काचघरात बाकांवर जागा नव्हती. झोपायला बाक न मिळालेले आजोबा कुणाला तरी नेच्याचं गुंडाळलेलं पान दाखवत होते. बाई दारातच थबकल्या. मग पिशवीतून एक मनीप्लांट काढला. “हा पिवळा पडतोय.”

“नंबर घ्या, आत बसा,” मुकादम म्हणाला. त्या निमूट आत गेल्या.

बैठकीत त्या खरंच भांडल्या. काचघर राहिलं, काचांचं काम सुरू झालं. बाबा रोज येतात. पानाच्या कडेला, चिरेपाशी, काहीतरी हिरवं टोक दिसतंय. मुकादम म्हणतो शेवाळ आहे. बाबा म्हणतात, अजिबात नाही.

काल पेंटरकाका पाटी रंगवायला आले. “ताई, वरचं ‘झाडे’ परत लिहू ना?”

मी ती पाटी पहिल्यांदाच थांबून, नीट वाचली.

“राहू द्या, काका. खाली जागा आहे ना? तिथे लिहा, ‘आत या.’”