शिशाची टिकली

बहात्तरच्या उन्हाळ्यात श्रीरामपूरच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात गोरक्षनाथ सुतारानं एक्स-रेच्या खोलीत आडभिंत उभी केली. किरण अडवायला फळ्यांवर शिशाचा पत्रा, पत्र्यावर दोन बोटं चढवून पुढचा पत्रा, अन् प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर शिशाची टिकली. वरून प्लायवूड.

अलीकडं यंत्र, पलीकडं एक्स-रे काढणाऱ्या मेरीची खुर्ची. बटण तीच दाबणार. तिची आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. आता तिसऱ्या खेपेचा सहावा महिना.

"मामा, तुमच्या शिंगणापुरात घराला दार नसतं म्हणे. मग इथं एवढा बंदोबस्त?"

"तिथं राखनारा चौथऱ्यावर उभा हाय, पोरी. हितं राखायला मलाच ठेवलंय."

काम उरकलं त्या दिवशी मेरीनं घरचा लाकडी क्रूस आणला. बसल्या जागी दिसावा म्हणाली. गोरक्षनाथानं मायेनं आडभिंतीत खिळा ठोकला. क्रूस तिच्या टेबलाच्या आड जाऊ लागला, म्हणून खिळा उपटून हातभर वर मारला. खालच्या भोकात पुट्टी भरली, वरून रंगाचा हात दिला.

घरी येऊन सदरा झटकला, तर खिशातून उरलेली टिकली पडली. तो तिच्याकडं बघत राहिला. क्रूसाच्या खिळ्यानं आतल्या शिशाला भोक पडलं होतं, अन् त्यावर टिकली बसलीच नव्हती.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तो दवाखान्यात हजर.

"अहो, काम पास झालंय. सही केली मी," डॉक्टर म्हणाले.

"सही ऱ्हाऊ द्या, सायेब. म्या भोक पाडलंय. मेरीच्या टेबलामागं फिल्म लावून बघा."

फिल्म चिकटवली, सगळे बाहेर सरले, लांब वायरीच्या बटणानं यंत्र चाललं. धुतलेल्या फिल्मवर तिळाएवढा काळा ठिपका होता, किरण आरपार आल्याचा. मेरीचा हात पोटावर गेला.

"चुकलो, पोरी," गोरक्षनाथ म्हणाला.

त्यानं क्रूस उतरवून तिच्या हाती दिला, प्लायवूड उकललं, दोन्ही भोकांवर तळहाताएवढं शिसं डागलं. दुपार कलली. डॉक्टर पुन्हा फिल्म लावायला निघाले, तसा तो आडवा आला. मेरीच्या खुर्चीत जाऊन बसला अन् फिल्म आपल्याच पोटावर उपरण्यानं बांधली.

"आता चालवा."

"वेडे आहात का, मामा?" मेरी म्हणाली.

"ज्यानं भोक पाडलं त्यानं आदी बसावं."

यंत्र घुरघुरलं, थांबलं. मेरीनंच फिल्म धुतली, खिडकीशी धरली. कुठं ठिपका नव्हता. तिनं ती दोनदा उलटून पाहिली.

गोरक्षनाथ उठला. उपरण्यानं खुर्ची पुसली, बसल्या जागी दिसेल असा बाजूच्या विटेच्या भिंतीला क्रूस अडकवला.

"बस, पोरी," तो म्हणाला.