बेबीताईच्या हळदीचा हिरवा उजेड

शेंदूरजनाघाटला केशवरावांच्या संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये भर दुपारी शटर ओढून अंधार केला होता. आत शे-दीडशे माणसं कोंबलेली, लोबानाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. दाराशी तिघं काठ्या घेऊन उभे. काठ्या कशाला, असं मी विचारलं.

"लागतीन," एवढंच एक जण म्हणाला.

मी साधना गवई. अमरावतीला राजापेठेत शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवते, आणि माझं तोंड फटकळ आहे असं घरचे सांगतात. हे माझं माहेर. आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून देवघर नाही, पण शेजारची बेबीताई फुलं विकून परतताना रोज आमच्या ओट्यावर टेकायची. आज तीच शेडच्या मधोमध पोत्यावर बसली होती. केशवरावांची नात आचल तापानं फणफणून अमरावतीच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला होता. पण बेबीताईनं तिच्या वेणीत शेवंती माळली आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, एवढं गावाला पुरलं. विधवा, एकटी, जिभेला धार. अशा बाईला चेटकीण ठरवायला काय लागतं?

निवाड्यासाठी आणलेले धुनीबाबा गादीवर डोलत होते. "हळद म्हंजे घरच्या लक्षुमीची साक्ष. जिचं मन पिवळं, तिची हळद पिवळी. जिच्या घरात चेटूक, तिची हळद हिरवी पेटन."

मन पिवळं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांनी आपापल्या घरची हळद पदराच्या गाठीत बांधून आणली होती. गाठ सगळ्यांसमोर सोडायची, हळदीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. त्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले. बाबा तांब्याच्या झारीतून काचेच्या बाटलीत तीर्थ ओतायचे, त्यात चिमूटभर हळद, आणि बाटली जांभळ्या दिव्याखाली. दिवा नोटा तपासायला दुकानात असतो तसला, नुसता भगव्या फडक्यात गुंडाळलेला. पाच-सहा बायकांची हळद मातकट दिसली. त्या सुटल्यासारख्या मागे सरकल्या.

बेबीताईची पाळी आली तेव्हा तांब्याची झारी रिकामी झाली. बाबांच्या शिष्यानं पितळेची पुढे केली. बाबांनी ओतलं, बाटली दिव्याखाली धरली.

हळद हिरवी पेटली. अंधारात तो उजेड जवळच्या माणसांच्या तोंडावर पडला आणि त्यांचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसायला लागले. शेजारच्या बायका पदर आवरून बेबीताईपासून लांब सरकल्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"देवाशपथ, हळद मीच कांडली हाये," बेबीताई म्हणाली.

केशवराव सावकाश उठले. "कात्री आना रे. आधी हिचे केस उतरवा."

काही बाया-माणसं कात्रीसाठी धावली, काठ्या आत आल्या.  मी मधे जाऊन उभी राहिले.

"केशवराव, आचलसाठीच करून राहिले ना तुमी? मंग खात्री तं करा. ह्या पितळेच्या झारीतलं तीर्थ घ्या, अन् बाबांच्या समोरच्या ताटातली हळद टाका."

"भंडाऱ्याले हात लावला तं देव कोपन," बाबा घाईनं म्हणाले. डोलणं थांबलं होतं.

"माही नात मरून राहिली तिकडे," केशवराव म्हणाले. "अजून काय कोपाचं राहिलं?"

त्यांनी स्वतः ओतलं, बाबांचा भंडारा टाकला, बाटली दिव्याखाली धरली. पुन्हा तोच हिरवा उजेड. मग मी माठातलं पाणी दुसऱ्या बाटलीत घेतलं आणि बेबीताईला तिच्या गाठीतली उरलेली हळद त्यात टाकायला लावली. ती बाकीच्यांसारखीच मातकट दिसली.

केशवरावांनी पितळेची झारी नाकाशी नेली. "हे तं स्पिरिट हाये."

"लोबान त्याचसाठी जाळला. वास येऊ नये म्हणून," मी म्हणाले. "हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. दिव्याचा प्रकाश गिळतो, पण परत काही देत नाही. स्पिरिटमध्ये तो चांगला विरघळतो अन् गिळलेला प्रकाश हिरवा करून परत देतो. पदार्थ तोच. कशात विरघळवला त्यावर तो कोणता प्रकाश गिळणार अन् कोणता देणार हे ठरतं. हे मी पोरांना फळ्यावर शिकवते. तुमी सगळ्यांनी हळदीवर नजर ठेवली. तीर्थावर कोणीच ठेवली नाही, कारण तीर्थावर शंका घ्यायची नसते. बाबाले थेच पाहिजे होतं. अन् बेबीताईचं नाव तं तुमीच त्याले आधी सांगून ठेवलं होतं."

आता काठ्या बाबाकडे वळल्या. त्या खाली ठेवाव्यात म्हणून मी पोलिसांचं नाव काढलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो बाबासाठीही आहे आणि काठीवाल्यांसाठीही. संध्याकाळी बाबा आणि शिष्य पोलिसांच्या जीपमधून गेले. आचल पुढे सलाईननं, औषधानं बरी झाली. शेडमागच्या फुटक्या क्रेटांमध्ये पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या होत्या, त्या केशवरावांनी उपसल्या.

त्याच आठवड्यात बेबीताई बहिणीकडे अकोटला निघाली. एसटी स्टँडवर केशवराव हात जोडून आले. "चुकलं, बेबीताई. घर तुमचंच हाये. कोनी काई म्हननार नाही."

"बाबा गेला, भाऊ," ती म्हणाली, "पन कात्री आनाले धावलेले तिथंच हायेत. त्यातल्या दोघी माह्याजवळून रोज फुलं घेत होत्या."

आणि पिशवी उचलून ती गाडीत चढली. बाबाची लबाडी मी बाटलीत दाखवू शकले. बेबीताईची रिकामी खोली मात्र मला भरता येत नाही. म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगते. डोळ्यांसमोर चमत्कार घडला तरी आधी विचारा, बाटलीत काय ओतलं? आणि ते कात्री मागवण्याआधी विचारा. नंतर विचारून माणूस परत येत नाही.