सोळा पानं आणि एक मत्सरी शिकंजा

मी एक जुना शिकंजा आहे. मित्रांनो, अमका तमका शिकंज्यात सापडला असं तुम्ही वाचलं असेल, पण मी चोरांना धरत नाही. मी पुस्तकं धरतो. बांधणी करणारा माणूस पुस्तकाच्या कण्याला खळ लावतो, पुस्तक माझ्या दोन लोखंडी पाटांच्या मध्ये ठेवतो, माझ्या डोक्यावरचं चाक फिरवतो आणि मी त्या पुस्तकाला असं आवळतो की पुन्हा वीस वर्षं त्याने हातपाय पसरू नयेत.

माझा जन्म लोखंडाच्या एका ओतशाळेत झाला. तिथून मी बांधणीच्या एका छोट्या दुकानात आलो. त्या दुकानदाराच्या मुलाची शाळा बाराव्या वर्षी सुटली आणि तो माझ्या चाकाला लोंबकळू लागला, कारण नुसत्या हातांनी ते त्याला फिरवता येत नसे. पुढे दुकान बंद पडलं, मुलाला मोठ्या ग्रंथालयात नोकरी लागली, तेव्हा त्याने तिथल्या साहेबांना सांगितलं की माझा शिकंजा येणार असेल तर मी येतो. चार माणसांनी मला उचलून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आणलं. एवढा मान मिळाल्यावर मी जरा फुगलो असेन तर मला माफ करा.

तो मुलगा आता छप्पन्न वर्षांचा आहे. ग्रंथालयात सगळे त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो.

कागद दबत जातो तसं माझं चाक सैल पडतं, म्हणून पुस्तक माझ्यात ठेवल्यावर पहिला अर्धा तास माणसाला जवळ थांबावं लागतं आणि अधूनमधून पाव फेरा आवळावा लागतो. हा अर्धा तास माझा होता. मामा एक हात चाकावर ठेवून उभे राहत आणि माझ्याशी बोलत. बायकोचा गुडघा, मुलीचं लग्न, जावयाचं तोंडावर कौतुक आणि माघारी कुरकुर, सगळं मला ठाऊक असे. पुस्तकांचं मात्र त्यांना काही नव्हतं. हजारो पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. आचाऱ्याला जेवणाची वासना राहत नाही, तसंच काहीसं असावं. मी म्हणे, चांगलंच आहे.

आणि मग ते उंदराने खाल्लेलं पुस्तक आलं.

मुलांच्या विभागातलं होतं. शिवण उसवून पानं सुटी झालेली, वाऱ्याने की कुणाच्या हाताने देव जाणे, पण त्यांचा पार काला झालेला, आणि उंदराने नेमके खालचे कोपरे खाल्लेले. पानांचे आकडे कोपऱ्यात असतात. आता क्रम लावायचा कसा? मामांनी पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी नाइलाज म्हणून ते पहिलं पान वाचायला बसले, मग त्याला जुळणारं दुसरं शोधायला लागले. कामाला दोन दिवस पुरले असते, त्यांनी चार घेतले. क्रम दुसऱ्याच दिवशी लागला होता. उरलेले दोन दिवस ते पुन्हा पहिल्यापासून वाचत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे नाहीत मला, पण पाहिलं.

तेव्हापासून माझा अर्धा तास गेला. मामा पुस्तक माझ्यात ठेवायचे, चाक आवळायचे आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी बसायचे. हातात काय, तर बोलणारी अस्वलं, शाळेतून पळालेली पोरं, प्रेमात पडून उगाच रडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुली. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पायाखाली खोकं घेऊन, ओठ न हलवता वाचतोय आणि मधेच एकटा हसतोय. पाव फेऱ्याची आठवणही राहत नसे. कधीकधी मी तासभर सैल चाकाने उभा असे.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखू लागलं. मोठमोठे कोश, न्यायालयाचे निकाल, जुने नकाशे माझ्या हाताखालून गेले. त्यांच्यावर मी कधी जळलो नाही, कारण मामांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण ही चार आण्यांची रंगीत पुस्तकं, ज्यांवर पोरांचे चिकट हात आणि पेन्सिलीच्या मिशा, ती मामांना माझ्यापासून तोडतात? मुलांची पुस्तकं माझ्यात आली की मी त्यांना गरजेपेक्षा जास्त आवळायचो.

एक दिवस मामांच्या टेबलावर दोन पुस्तकं एकदम उसवलेली होती. एक होता मालमत्तेच्या वाटणीच्या कायद्यांचा जाड ग्रंथ. दुसरी मुलांची कादंबरी. दोन बहिणी नावेतून नदी उतरत जातात, रुसून गेलेल्या भावाला शोधायला, अशी काहीतरी गोष्ट. पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांनी बनतं, अशा एका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. मामा कादंबरीचा शेवटचा फर्मा वाचत होते. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तसेच, बिनचष्म्याने, तो फर्मा उचलून कायद्याच्या ग्रंथाला शिवून टाकला. कायद्याचा शेवटचा फर्मा गेला कादंबरीत.

ग्रंथ माझ्यात आला. पाट टेकला आणि मला त्या क्षणी कळलं. कायद्याचा कागद गुळगुळीत आणि कडक. त्याच्या टोकाला ही मऊ, खरबरीत घडी कुठून आली? असं काही चुकलं की मी तिरका बसतो, कुरकुरतो, आणि मामा लगेच चाक उलटं फिरवून पाहतात. एकदा आत विसरलेली कात्री मी अशीच त्यांना परत दिली होती.

त्या दिवशी मी कुरकुरलो नाही. श्वास धरून सरळ बसलो. मनात म्हटलं, वाचा आणखी. होऊ दे शोभा.

शोभा व्हायला आठ दिवस लागले. एक वकीलबाई होत्या, आमच्या ग्रंथालयाच्या जुन्या वाचक. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो ग्रंथ नेला आणि भर न्यायालयात उघडून कलम वाचायला सुरुवात केली. पान उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात त्यांच्या तोंडून गेलं, "आणि मग धाकटीने वल्हं टाकून दिलं आणि ती ढसाढसा रडू लागली." न्यायाधीशांसकट सगळे हसले. समोरच्या पक्षाचा वकील तर बाकावर हात आपटून हसला म्हणे. त्याच आठवड्यात एक अकरा वर्षांची मुलगी कादंबरी परत करायला आली आणि ग्रंथपाल साहेबांना म्हणाली, "गोष्ट छान आहे, पण शेवट कळला नाही. दादाला विहिरीत अर्धा हिस्सा मिळाला का?"

ग्रंथपाल साहेब दोन्ही पुस्तकं घेऊन मागच्या खोलीत आले. वयाने ते मामांपेक्षा लहान, त्यामुळे रागावतानाही त्यांना अवघड जात होतं.

"मामा, हे कसं झालं?"

"चूक माझी आहे, साहेब. वाचत होतो."

"काय, कायदा?"

मामांनी मान खाली घातली. "नाही. दुसरं."

"मुलांचं पुस्तक? या वयात?" साहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, पण मामांना दिसायचं ते दिसलं. "हे बघा, वकीलबाईंची लेखी तक्रार आलीय. उद्यापासून मुलांची पुस्तकं बाहेर बांधायला जातील. तुम्ही ही दोन नीट करा आणि इथून पुढे फक्त मोठ्यांची कामं बघा."

मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी मामांनी एक अहवाल माझ्यात ठेवला, चाक आवळलं आणि माझ्याजवळ उभे राहिले. मी वाट पाहिली. बायकोचा गुडघा कसा आहे? जावई काय म्हणतो? मामा काही बोलले नाहीत. वेळ झाली की पाव फेरा द्यायचे, पुन्हा भिंतीकडे बघायचे. असे तीन आठवडे गेले. ती दोन पुस्तकं टेबलाच्या टोकाला तशीच पडली होती, त्यांना हात लावायचा धीर मामांना होत नव्हता. एकदा दारावरून जाताना कुणीतरी हसलं, भलत्याच गोष्टीला, तर मामांचे कान लाल झाले. मला माझा अर्धा तास परत मिळाला होता, फक्त त्यात मामा नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. तरी जीभ असती तर मी कबूल केलं असतं का, हे आज खात्रीने सांगवत नाही.

मग एका दुपारी वकीलबाई स्वतःच खोलीत आल्या. मामा धडपडत उठले.

"मॅडम, माफ करा, ग्रंथ अजून झालेला नाही. उद्या नक्की…"

"बरं झालं. उसवू नका अजून." त्यांनी दार लोटून घेतलं आणि मामांच्या खोक्यावर बसल्या. "मला एक सांगा. तो भाऊ रुसला कशावरून होता?"

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मी ती सोळा पानं तीनदा वाचली," वकीलबाई म्हणाल्या. "सोळाच आहेत, काय करणार? माझ्याकडे रोज भावंडं येतात. भिंतीवरून, आंब्याच्या झाडावरून, आईच्या बांगड्यांवरून भांडणारी. आणि हे तिघे इतक्या दिवसांनी भेटतात तर थोरली पहिलं काय विचारते? जेवलास का? आधी घडलं तरी काय होतं?"

"थोरलीच हसली होती त्याला," मामा हळूच म्हणाले. "त्याने स्वतःच्या हाताने नाव बांधली होती, मॅडम. चार लोकांत थोरली म्हणाली, ही तरंगली तर मी टक्कल करीन."

"अगं बाई. मग?"

मामा सांगू लागले. सांगता सांगता ते माझ्यापाशी आले आणि त्यांचा हात सवयीने माझ्या चाकावर पडला. आधी चाचरत, मग रंगात येऊन, थोरलीचा ताठा, धाकटीची बडबड, उसनी आणलेली गळकी नाव, सगळं. मी ऐकत होतो. मित्रांनो, ही गोष्ट मी माझ्या पाटांमध्ये दाबली होती, आणि तिच्यात काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. नदीला दोन फाटे फुटतात तिथे मामा आले आणि वकीलबाई घड्याळ बघून उठल्या.

"तारीख आहे मला. उद्या याच वेळी येते. डावीकडे गेल्या की उजवीकडे, ते आत्ता सांगू नका."

त्या गेल्या. मी दुसऱ्या दिवसापर्यंत कसा काढला वेळ, माझं मला माहीत. डावीकडे की उजवीकडे? तेव्हा मला माझ्या पोटदुखीचं मूळ सापडलं. माझ्याकडे आजवर जे पुस्तक आलं ते मिटूनच आलं. पुस्तक मिटलेलं ठेवणं हेच माझं काम आहे. मामांना त्या पानांत जे मिळत होतं ते मला कधीच मिळणार नव्हतं, म्हणून मी जळत होतो, आणि दोष बिचाऱ्या अस्वलांना देत होतो.

गोष्ट चार दिवस चालली. पाचव्या दिवशी वकीलबाईंनी ग्रंथपाल साहेबांना मागच्या खोलीत बोलावून घेतलं. "तक्रार मी मागे घेते. यांचं काम यांच्याकडेच असू दे. आणि बालविभागाचं एक कार्ड करून द्या."

"जरूर. नाव काय नातवाचं?"

"नातू नाही मला. माझ्याच नावाने करा."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मामांकडे पाहिलं. या वेळी त्यांना हसू आलं नाही.

तर आता मुलांची पुस्तकं पुन्हा माझ्याकडे येतात. मी त्यांना बेताने आवळतो. त्या चुकीत माझाही हात होता हे मामांना आजही ठाऊक नाही. ते आता चष्मा लावूनच शिवतात आणि प्रत्येक फर्मा दोनदा तपासतात. ते चार दिवस गोष्ट सांगितल्यापासून मात्र त्यांना मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. खोकं माझ्याजवळ ओढतात, एक हात चाकावर ठेवतात आणि वाचतात. मला आता अस्वलंही आवडतात.

माझा मत्सर गेला असं समजू नका. गोष्ट ऐन रंगात आली की मामांचा आवाज हळूहळू बारीक होतो, मग थांबतो. डोळे पुढे पळतात, हात चाकावरून पानावर जातो, आणि ते एकटेच पुढे निघून जातात. मी इथे लोखंडासारखा उभा, आणि त्यांना तिकडे सगळं कळत असतं. तेव्हा माझा असा जळफळाट होतो की विचारू नका.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस मुलांचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याला हसू नका. एकदा कुणी हसलं की माणूस पुस्तक मिटतं आणि मग तोंडही मिटतं. आणि त्याला वाचताना पाहून तुमच्या पोटात दुखलंच, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. तुम्हाला तोंड आहे. जवळ जाऊन बसा आणि म्हणा, मला ऐकू येईल असं वाच.